सेलमधली चिकटपट्टी : पडून राहिलेल्या बॅटरीचा चार्ज कुठे जातो याचे एक प्रकरण

पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी कोणतीही बॅटरी पूर्ण भरून ठेवली आणि नंतर तिला हातही लावला नाही, तरी तिच्यातला चार्ज हळूहळू उतरत जातो. या क्रियेला स्वयं-विसर्जन म्हणतात आणि तिचा वेग बॅटरीच्या जातीप्रमाणे बदलतो. इन्व्हर्टरला लावलेली शिसे-आम्लाची बॅटरी साधारण तापमानाला महिन्याकाठी चार-पाच टक्के चार्ज गमावते, जुन्या पद्धतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल पहिल्याच महिन्यात वीस ते तीस टक्के गमावत असत, तर चांगल्या लिथियम-आयन सेलचा आकडा सहसा एक ते तीन टक्क्यांत राहतो. आकडा लहान असला की त्यामागचे कारण शोधण्याची निकड वाटत नाही. प्रस्तुत प्रकरण अशा लहान आकड्याचेच आहे. तो काही सेलमध्ये अचानक मोठा झाला, म्हणून त्याचे मूळ शोधले गेले, आणि ते मूळ सेलच्या ज्या भागात सापडले तो भाग विद्युत-रसायनाच्या दृष्टीने कोणाच्या हिशेबातच नव्हता.

प्रकरण कुठले

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या हॅलिफॅक्स शहरात डलहौसी विद्यापीठ आहे. तेथे जेफ डान यांनी लिथियम-आयन सेलच्या आयुष्यमानावर अनेक वर्षे काम केले आहे, आणि त्याच विद्यापीठात मायकल मेट्झगर यांचा गटही याच विषयावर काम करतो. अशा प्रयोगशाळेत सेल सुरुवातीपासून हाताने बनवत बसत नाहीत. कारखान्यात यंत्रावर गुंडाळलेले, पण विद्युतद्राव (सेलच्या आत आयन वाहून नेणारा द्रव) न भरलेले कोरडे पाउच सेल, म्हणजे लवचीक पिशवीच्या आवरणातले चपटे सेल, मागवले जातात आणि प्रयोगाला हवा तसा विद्युतद्राव प्रयोगशाळेत भरला जातो. हे सेल साधारण ३५ मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर रुंद, म्हणजे अगदी छोटे असतात. मात्र त्यांची बांधणी बाजारातल्या सेलसारखीच असल्यामुळे त्यांच्यात दिसलेला दोष बाजारातल्या सेलनाही लागू पडण्याची शक्यता मोठी असते.

या प्रकरणातले सेल दोन प्रकारचे होते. दोन्हींचे ऋणाग्र (ऋण टोकाचे अग्र) ग्राफाइटचे होते. धनाग्र (धन टोकाचे अग्र) एकात लिथियम आयर्न फॉस्फेटचे, तर दुसऱ्यात निकेलचे प्रमाण खूप जास्त असलेल्या निकेल-मँगेनीज-कोबाल्ट ऑक्साइडचे होते. विद्युतद्रावात पूरक रसायने न घालता किंवा अगदी थोडी घालून हे सेल ४०, ५५ आणि ७० अंश सेल्सिअस अशा चढत्या तापमानांना ठेवले, तेव्हा त्यांचा साठवणीतला चार्ज अपेक्षेपेक्षा फार वेगाने उतरू लागला. या कामाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. अनु ॲडमसन आणि सहकाऱ्यांचा चिकटपट्टी बदलण्याविषयीचा लेख ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात त्याच वर्षी आला.

उतरलेला चार्ज मोजायचा कसा

या मोजमापाकडे बारकाईने पाहिल्याशिवाय पुढचा तर्क नीट कळत नाही. भरलेल्या सेलमध्ये लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये बसलेले असते आणि त्याची ऊर्जा जवळजवळ लिथियम धातूइतकीच असते. धनाग्राकडे परत जाण्याची त्याची ओढ मोठी असते, पण त्यासाठी दोन वाटा एकाच वेळी मोकळ्या असाव्या लागतात. लिथियमच्या आयनांनी विद्युतद्रावातून जायचे असते आणि इलेक्ट्रॉननी बाहेरच्या तारेतून. विद्युतद्राव इलेक्ट्रॉन वाहून नेत नाही. म्हणून सेलला काही जोडलेले नसताना इलेक्ट्रॉन अडतात आणि त्यांच्याबरोबर आयनही जागीच थांबतात. साठवणीत चार्ज टिकतो तो या अडवणुकीमुळे. तो उतरत असेल, तर एक तर आतल्या आत इलेक्ट्रॉनना चोरवाट सापडलेली असते किंवा एखाद्या अग्रावर लिथियम परस्पर खर्ची पडत असते.

यांपैकी काय घडले हे ओळखण्यासाठी तीन आकडे लागतात. पहिला म्हणजे साठवणीपूर्वी सेलमध्ये किती चार्ज होता. दुसरा म्हणजे साठवणीनंतर सेल रिकामा करताना त्यातून किती चार्ज निघाला. तिसरा म्हणजे पुन्हा पूर्ण भरून रिकामा केला तेव्हा किती निघाला. समजा हे आकडे अनुक्रमे २००, १७६ आणि १९८ मिलिअँपिअर-तास आले. मग एकूण घट २४ ची झाली, पण त्यांतली कायमची घट केवळ २ ची. उरलेली २२ पुन्हा चार्ज करताच भरून निघाली. ही भरून निघणारी घट प्रत्यावर्ती स्वयं-विसर्जन होय. ग्राफाइटवर विद्युतद्रावाचा विघटित थर वाढत जातो तेव्हा त्यात अडकलेले लिथियम पुन्हा हाती लागत नाही, म्हणून ती घट तिसऱ्या आकड्यातही दिसत राहते. हॅलिफॅक्समधल्या सेलची मोठी घट प्रत्यावर्ती होती. लिथियम नष्ट झाले नव्हते. ते ग्राफाइटमधून निघून धनाग्रात परत जाऊन बसले होते, म्हणजे सेल आतल्या आत रीतसर रिकामा झाला होता.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाबतीत ही घट केवळ व्होल्टमीटर लावून कळत नाही. या सेलचे व्होल्टेज क्षमतेच्या फार मोठ्या पट्ट्यात ३.३ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. चार्ज बराच उतरला तरी मीटरवरचा आकडा जरासाच हलतो, आणि सेल ठीक आहे असे वाटून तो पुन्हा ठेवून दिला जातो. दुकानात किंवा गोदामात केवळ व्होल्टेज पाहून सेल पारखण्याची सवय या जातीच्या सेलसाठी निरुपयोगी आहे, आणि हे अधिक ठामपणे सांगितले जायला हवे असे मला वाटते.

संशयितांची छाननी

प्रत्यावर्ती घट म्हटली की पहिला संशय धातूच्या कणामुळे होणाऱ्या सूक्ष्म शॉर्ट सर्किटवर जातो. कारखान्यात शिरलेला धातूचा कण किंवा विलगकातून (दोन अग्रांना वेगळे ठेवणाऱ्या सच्छिद्र पडद्यातून) वाढलेला धातूचा तंतू दोन्ही अग्रांना जोडतो आणि इलेक्ट्रॉन त्यातून झिरपत राहतात. पण असा दोष एखाद-दुसऱ्या सेलमध्ये, योगायोगाने येतो. एकाच कृतीचा विद्युतद्राव भरलेले सगळे सेल सारखेच उतरत असतील आणि विद्युतद्रावाची कृती बदलताच तो दोष नाहीसा होत असेल, तर कारण धातूच्या कणात नसून द्रावातल्या रसायनात आहे असे मानावे लागते. येथे तसेच होते. व्हिनायलीन कार्बोनेट नावाचे पूरक रसायन एक-दोन टक्के घातले की घट दबत होती.

मग उरतो तो वाहक रेणू. नदीवर पूल नसला तरी दोन काठांमध्ये ये-जा करणारी एखादी होडी माणसे पार करत राहते, तसा हा रेणू ऋणाग्रापाशी एक इलेक्ट्रॉन उचलतो, विद्युतद्रावातून विसरणाने (द्रवात आपोआप पसरत) धनाग्राकडे सरकतो, तेथे तो इलेक्ट्रॉन सोडतो आणि रिकामा होऊन परत येतो. बाहेरची तार तुटलेली असली तरी इलेक्ट्रॉनना आतून वाहन मिळते, आणि आयनांची वाट तर मोकळीच असते.

अशा रेणूचे प्रमाण अगदी क्षुल्लक असले तरी पुरते, हे एका छोट्या हिशेबाने पटते. २०० मिलिअँपिअर-तासांचा सेल महिन्यात दहा टक्के उतरला असे धरू. म्हणजे ३० दिवसांत २० मिलिअँपिअर-तास गेले. सरासरी प्रवाह जेमतेम २८ मायक्रोअँपिअर भरतो. एवढा चार्ज म्हणजे सुमारे ०.७५ मिलिमोल इलेक्ट्रॉन. ज्या रेणूची ओळख पुढे पटली त्याचा रेणुभार १९४ आहे. प्रत्येक रेणू एकदाच कामी आला असता, तर असे सुमारे १४५ मिलिग्रॅम रेणू लागले असते; या आकाराच्या सेलमध्ये सगळा मिळून विद्युतद्रावच एक ग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे हे संभवत नाही. उलट रेणू ये-जा करत असेल, तर ५ मिलिग्रॅम एवढ्या रेणूंनी महिन्यात प्रत्येकी तीसेक फेऱ्या केल्या की काम भागते. विलगकाची जाडी वीसेक मायक्रोमीटरची असते आणि ती ओलांडायला रेणूला काही सेकंद पुरतात. तेव्हा ५ मिलिग्रॅमचीसुद्धा गरज नाही. त्याचा अल्पसा अंश पुरेसा आहे.

लाल विद्युतद्राव

सेल उघडले तेव्हा ७० अंशांना ठेवलेल्या सेलमधला विद्युतद्राव लालभडक झालेला दिसला. ताजा विद्युतद्राव पाण्यासारखा नितळ असतो, आणि साध्या तापमानाला ठेवलेल्या सेलमध्ये तो नितळच राहिला होता. रंग आला म्हणजे प्रकाश शोषणारे नवे रेणू द्रावात तयार झाले. ते कोणते हे पाहण्यासाठी द्रावाचे वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-पटमापन या पद्धतींनी पृथक्करण केले गेले, आणि त्यात डायमिथाइल टेरेफ्थॅलेट हा रेणू सापडला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, कारण हा रेणू त्या सेलमध्ये कोणी घातलेला नव्हता. विद्युतद्रावातले कार्बोनेट द्रावक, लिथियमचे लवण, ग्राफाइट, धनाग्राचे चूर्ण, अग्रांना बांधून ठेवणारे बंधक, पॉलिओलेफिनचा विलगक, यांपैकी कशातही टेरेफ्थॅलिक आम्लाचे बेंझिन-वलय नसते. ते असते पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेटमध्ये, म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या ज्या पीईटी प्लास्टिकच्या असतात त्या प्लास्टिकमध्ये. सेलमध्ये पीईटी एकाच ठिकाणी होते. धनाग्र, विलगक आणि ऋणाग्र यांची गुंडाळी करून झाल्यावर ती उलगडू नये म्हणून तिच्यावर जी चिकटपट्टी लावतात, तिची फीत पीईटीची होती.

अशी पट्टी लाखो सेलमध्ये असते. पीईटी स्वस्त आहे, मजबूत आहे, पातळ फीत म्हणून उत्तम निघते आणि कार्बोनेट द्रावकांत विरघळतही नाही. सेलची रचना करणाऱ्याच्या यादीत ती यांत्रिक वस्तू म्हणून येते. रसायनशास्त्रज्ञाच्या यादीत ती येतच नाही. तिचे वजन काही मिलिग्रॅम असते. वर केलेल्या हिशेबात तेवढेच वजन पुरून उरते.

पट्टी तुटते कशी

पीईटी द्रावकात नुसते बुडवून ठेवले तर ते सहज तुटत नाही. त्याला तोडणारे रसायन सेलमध्ये पहिल्या चार्जिंगच्या वेळी तयार होते. ग्राफाइट भरू लागले की त्याच्या पृष्ठभागावर द्रावकाचे क्षपण होते, म्हणजे द्रावकाचे रेणू इलेक्ट्रॉन घेऊन बदलतात, आणि द्रावकात डायमिथाइल कार्बोनेट असेल तर त्यातून लिथियम मिथॉक्साइड निर्माण होते. मिथॉक्साइड हा तीव्र आम्लारीधर्मी (अल्कलीसारखा) पदार्थ आहे. पीईटीच्या साखळीतील एस्टर बंधांवर तो हल्ला करतो, साखळीतला इथिलीन ग्लायकॉलचा दुवा सुटतो, त्याच्या जागी मिथाइल गट बसतो, आणि लांबलचक साखळीचे सुटे, विद्राव्य तुकडे होतात. दोन्ही टोकांना मिथाइल गट बसलेला तुकडा म्हणजेच डायमिथाइल टेरेफ्थॅलेट. हीच अभिक्रिया मिथेनॉल वापरून जुन्या पीईटी बाटल्यांच्या रासायनिक पुनर्चक्रीकरणासाठी मुद्दाम घडवली जाते. तेथे ती उपयोगाची. सेलच्या पोटात तीच घातक ठरते.

यावरून व्हिनायलीन कार्बोनेटचा गुणही उलगडतो. ते इतर द्रावकांच्या आधी क्षपित होऊन ग्राफाइटवर घट्ट संरक्षक थर तयार करते, त्यामुळे डायमिथाइल कार्बोनेटला ग्राफाइटपर्यंत पोहोचता येत नाही आणि मिथॉक्साइड फारसे तयार होत नाही. पट्टी तीच राहते, पण तिला कुरतडणारे रसायनच उरत नाही. उष्णतेची भूमिका दुहेरी आहे. तिच्यामुळे मिथॉक्साइडची निर्मिती वाढते आणि पीईटी तुटण्याचा वेगही वाढतो. आणि एकदा तयार झालेला वाहक रेणू तापमान खाली आले म्हणून नाहीसा होत नाही. तो द्रावात राहून साध्या तापमानालाही फेऱ्या मारत राहतो.

उपाय सोपा निघाला. पीईटीऐवजी पॉलिप्रोपिलीनची फीत असलेली पट्टी वापरली की एस्टर बंधच उरत नाहीत, मिथॉक्साइडला तोडायला काही मिळत नाही, आणि वाहक रेणूही तयार होत नाही. विलगक आधीपासून याच कुळातल्या प्लास्टिकचा असतो, त्यामुळे सेलमध्ये अपरिचित असे काही शिरत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. याच विद्यापीठात डान यांच्या गटाने २००५ च्या सुमारास वाहक रेणू मुद्दाम शोधून काढले होते. सेल प्रमाणाबाहेर चार्ज होऊ लागला की जादा चार्ज आतल्या आत परतवून सेलचे रक्षण करणारे रेणू त्यांना हवे होते. असा रेणू ठरावीक व्होल्टेजच्या वर गेल्यावरच कामाला लागावा अशी त्याची निवड केलेली असते. डायमिथाइल टेरेफ्थॅलेट सेलच्या नेहमीच्या व्होल्टेजलाच फेऱ्या मारतो, त्यामुळे तो साठवणीत अहोरात्र चार्ज उतरवत राहतो.

निकेल सेलचा पूर्वानुभव

लिथियम-आयनच्या आधी निकेलच्या सेलमध्ये असेच घडून गेले होते. निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये विद्युतद्राव कॉस्टिक पोटॅशचा असतो आणि सुरुवातीच्या काळात विलगक पॉलिअमाइडचा, म्हणजे नायलॉनच्या जातीचा असे. कॉस्टिक द्रावात पॉलिअमाइड हळूहळू जलविच्छेदित होऊन (पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटून) त्यातून अमोनिया सुटतो. निकेलच्या धनाग्रावर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन नायट्राइट आणि नायट्रेट तयार होतात, ते ऋणाग्राकडे जाऊन पुन्हा क्षपित होतात, आणि नायट्रोजनची ही ये-जा चार्ज उतरवत राहते. जपानमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात ही क्रिया उलगडली. पॉलिअमाइडच्या जागी सल्फोनेट केलेले पॉलिप्रोपिलीन आले. ते कॉस्टिकमध्ये टिकते, शिवाय उरलासुरला अमोनिया स्वतःवर धरून ठेवते. सान्यो कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये एनेलूप हे सेल बाजारात आणले तेव्हा वर्षभर पडून राहिल्यावरही सुमारे ८५ टक्के चार्ज शिल्लक राहतो असे सांगितले गेले. त्या सुधारणेत ऋणाग्राच्या मिश्रधातूतील बदलाचाही मोठा वाटा होता.

दोन्ही प्रकरणांत दोषी ठरले ते निष्क्रिय समजले गेलेले प्लास्टिक, दोन्हींत विद्युतद्रावाच्या आम्लारीपणाने ते तोडले, आणि दोन्हींत उपाय म्हणून पॉलिप्रोपिलीन आले. निकेलच्या सेलवर काम करणाऱ्यांच्या हाती आलेले हे ज्ञान लिथियमच्या सेलची पट्टी निवडताना उपयोगी पडले असते. विद्युतद्राव पाण्याचा असो वा कार्बोनेटचा, त्यात बुडालेल्या प्रत्येक पदार्थाची तपासणी व्हायला हवी, आणि ती केवळ ताज्या द्रावात नव्हे, तर चार्ज झालेल्या सेलच्या द्रावात, कारण मिथॉक्साइड ताज्या द्रावात नसतेच.

आपल्याकडील उन्हाळा आणि पॅकमधले सेल

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या केलेल्या विजेवरच्या दुचाकीच्या बंद पॅकमध्ये तापमान त्याहून वर चढते. हॅलिफॅक्समध्ये मुद्दाम तापवून मिळवलेली काही तापमाने आपल्याकडे साठवणीतच मिळतात. म्हणून सेलमध्ये कोणती पट्टी आहे आणि विद्युतद्रावात पूरक रसायने आहेत की नाहीत, हे प्रश्न थंड देशापेक्षा आपल्याला जास्त लागू आहेत.

पॅकमध्ये ही घट वेगळ्या रूपात त्रास देते. ५१.२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकमध्ये १६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. मोटर किंवा नियंत्रकाच्या बाजूचे सेल जास्त तापतात आणि जास्त वेगाने उतरतात. गाडी दोन-तीन महिने उभी राहिल्यावर त्यांतला एखादा आधी रिकामा होतो आणि बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा सगळा पॅक बंद करते. दुरुस्तीला आलेल्या अशा पॅकमधला प्रत्येक सेल वेगळा भरून, काही आठवडे ठेवून, वर सांगितलेले तीन आकडे काढले तर बरेच कळते. तिसरा आकडा पहिल्याच्या बराच खाली असेल तर लिथियम कायमचे गेले आहे. तो जवळपास पहिल्याइतका असून दुसरा खाली असेल तर घट प्रत्यावर्ती आहे, पण तेवढ्यावरून सेल निर्धोक ठरत नाही, कारण सूक्ष्म शॉर्ट सर्किटमधली घटही प्रत्यावर्तीच असते. समान तापमानाला ठेवल्यावर सगळे सेल जवळजवळ सारखे उतरत असतील तर वाहक रेणूची शक्यता मोठी. सोळांपैकी एकच उतरत असेल तर आत धातूची वाट तयार झालेली असू शकते, आणि असा सेल पुन्हा भरून पॅकमध्ये बसवू नये.